थंडीत सकाळी सेल्फ घेत नाही? बॅटरी बदलण्याआधी मल्टिमीटर लावा

डिसेंबर लागला की आमच्या गाडीचं नाटक सुरू व्हायचं. दोन-तीन दिवस उभी असलेली गाडी पहाटे काढायला जावं, तर किल्ली फिरवल्यावर एकदाच जडपणे घर्रर्र, मग नुसतं कट् कट् कट्. डॅशबोर्डचे दिवे मलूल. मुलगी पोहण्याची बॅग घेऊन दारात उभी, आणि मी या विचारात की इतक्या पहाटे शेजारच्या दादांना जंपर केबलसाठी उठवावं की नको.

असे तीन हिवाळे काढले. पहिल्या हिवाळ्यात सरळ नवीन बॅटरी घातली. दुसऱ्या हिवाळ्यात तीच नवी बॅटरी दोनदा दुकानात चार्जिंगला ठेवली. तिसऱ्या हिवाळ्यात दुकानदाराने टर्मिनलला लोड टेस्टर, म्हणजे बॅटरीवर भार टाकून तिची ताकद बघणारं यंत्र, टेकवला, काटा खाली गेलेला दाखवला आणि म्हणाला, "गेली ही. दुसरी बसवून देऊ का?" दोन वर्षांत दुसरी बॅटरी? उन्हाळ्यात, पावसाळ्यात बिनतक्रार चालणारी बॅटरी नेमकी थंडीतच का जाते, हे मात्र त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नव्हतं म्हणा.

आमची गाडी डिझेल, २०१५ ची, बॅटरी ६० एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप). घर कोल्हापुरात कळंब्याला, गाडी पत्र्याच्या शेडमध्ये. मी स्वतः रोज उद्यमनगरला दुचाकीवर जातो. कार निघते ती आठवड्यातून तीन-चारदा, तीही तीन-चार किलोमीटरसाठी. ही माहिती उगाच देत नाहीये, दुखणं यातच होतं.

आधी थंडीचा हिशेब

"थंडीनं बॅटरी उतरली" हे आपण सहज म्हणतो. कोल्हापूरची थंडी म्हणजे पारा बारा-चौदा अंशांवर, फार तर एखादी पहाट त्याच्याही खाली. शिसं आणि आम्लाच्या बॅटरीतली रासायनिक क्रिया गारठ्यात मंदावते हे खरं, पण २५ अंशांच्या तुलनेत आपल्याकडच्या पहाटे ताकद घटते ती साधारण दहा टक्के. शून्य अंशाला सुमारे वीस टक्के, आणि उणे अठराला जवळपास निम्मी. बॅटरीतलं पाणी गोठण्याची भीती तर आपल्याला नाहीच. पूर्ण भरलेल्या बॅटरीचं आम्ल उणे साठच्या आसपास गोठतं. रिकामी झालेली मात्र उणे सात-आठलाच गोठून फुटू शकते, म्हणून गाडी घेऊन लडाखला जाणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावं. पन्हाळ्याला जाणाऱ्यांनी नाही.

दुसरी बाजू इंजिनाची. रात्रभर गारठलेलं तेल घट्ट होतं, इंजिन फिरवायला सेल्फला जास्त जोर लागतो. डिझेलला तर ते वेगातच फिरावं लागतं, कारण तिथे ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच डिझेल पेटतं. म्हणजे मागणी वाढते तेव्हाच पुरवठा दहा टक्क्यांनी घटतो. धडधाकट बॅटरी एवढं सहज सोसते. आधीच अर्धी असलेली सोसत नाही.

खरं नुकसान होतं ते एप्रिल-मे महिन्यांत. बॉनेटखालच्या उष्णतेत पाणी उडतं, आतल्या प्लेटची जाळी गंजते. उन्हाळ्यात दुखावलेली बॅटरी पातळ झालेल्या तेलामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत रेटून नेते आणि पहिल्या थंडीत उघडी पडते. नाव थंडीचं होतं.

वायरमन मामा काय म्हणाले

उद्यमनगरात आमच्या लेथच्या शॉपपासून चार शटर सोडून एक जुने वायरमन बसतात. नवीन बॅटरीचं कोटेशन खिशात घेऊनच मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी मीटर लावला, गाडी चालू-बंद केली, काहीतरी पुटपुटले, आणि म्हणाले, "मालक, बॅटरी मेली न्हाई, उपाशी हाय. तुम्ही चमच्यानं भरवताय आन् रातच्याला कोनतरी वाटीनं वरपतंय."

पुढचं सगळं त्यांनी दाखवलेलं आणि मी नंतर घरी पुन्हा पुन्हा करून पाहिलेलं. लागतो तो व्होल्ट आणि करंट मोजणारा साधा डिजिटल मल्टिमीटर, दहाचा पाना, पॉलिश पेपर आणि किल्ली फिरवायला घरातलं एक माणूस.

पहिलं मोजमाप गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी, दार न उघडता घ्यायचं. त्यासाठी बॉनेट आदल्या रात्रीच उघडून ठेवावं. मीटर डीसी २० व्होल्टवर, लाल प्रोब प्लसला, काळा मायनसला. १२.६ च्या वर असेल तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव. १२ व्होल्ट दिसले की लोक खूश होतात, "बारा व्होल्टची बॅटरी, बारा दाखवतेय की." तिथेच फसगत होते. आत २.१ व्होल्टचे सहा सेल असतात, म्हणून भरलेल्या बॅटरीचा आकडा बाराच्या बराच पुढे असतो. माझी त्या सकाळी १२.१५.

गाडी आत्ताच फिरवून आणली असेल किंवा चार्जर नुकताच काढला असेल, तर हा आकडा खोटा, फुगलेला येतो. थांबायला वेळ नसेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावा, बंद करा, थोडं थांबून मग मोजा.

दुसरं मोजमाप सेल्फ मारताना. घरच्यांना किल्ली फिरवायला सांगा आणि मीटरकडे बघा. आकडा खाली आपटेल, पण ९.६ च्या खाली जाता कामा नये. सकाळचा आकडा १२.६ आणि सेल्फ मारताना ८, तर बॅटरी आतून थकलीय. सकाळचाच आकडा १२.१ असेल तर मात्र हे मोजमाप धरू नका. आधी पूर्ण चार्ज करा, मग बॅटरीला दोष द्या. आमच्या दुकानदाराने हेच केलं नव्हतं: अर्धपोटी बॅटरीला लोड टेस्टर लावला आणि निकाल दिला.

तिसरं, गाडी चालू असताना. टर्मिनलवर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसलं की अल्टरनेटर, म्हणजे आपल्याकडचा डायनामो, ठीक. हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर सगळं लावूनही साडेतेराच्या खाली जाऊ नये. पंधराच्या वर गेलं तर डायनामोचा व्होल्टेज आवरून धरणारा रेग्युलेटर बिघडलाय आणि तो बॅटरी उकळवतोय. अलीकडच्या काही गाड्यांत संगणक हा आकडा गरजेप्रमाणे वर-खाली करतो, तिथे क्षणभर साडेबारा दिसले म्हणून घाबरायचं कारण नाही. माझा आकडा १४.२. डायनामो निर्दोष.

चोर कुठे होता

चौथं मोजमाप जरा नाजूक. गाडी बंद, सगळी दारं लॉक, किल्ली घरात. मायनसची केबल काढून मल्टिमीटर दहा अँपिअरच्या रेंजवर त्या केबल आणि टर्मिनलच्या मध्ये जोडायचा, म्हणजे सगळा करंट मीटरमधूनच जाईल. लाल प्रोब दहा अँपिअरच्या वेगळ्या भोकात घालायला विसरू नका. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज गेलाच समजा. आणि थांबायचं. जोडल्या जोडल्या एक-दोन अँपिअर दिसतील, कारण गाडीतले संगणक जागे असतात. वीस ते चाळीस मिनिटांत ते एकेक झोपतात. मी पहिल्यांदा पाचच मिनिटांत आकडा बघून घाबरलो होतो.

शेवटी ५० मिलीअँपिअरच्या (म्हणजे ०.०५ अँपिअरच्या) आत स्थिरावलं तर ठीक. घड्याळ, अलार्म, रिमोट लॉक एवढं खातातच. माझ्याकडे २८० वर काटा अडकला. काटा म्हणजे आकडा, सवय जात नाही.

हिशेब करा. ०.२८ अँपिअर गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला जवळपास ६.७ एएच. तीन दिवस गाडी उभी राहिली की २० एएच गायब, ६० च्या बॅटरीतला तिसरा हिस्सा. गाडी लावतानाच ती ऐंशी टक्क्यांवर असेल, तर चौथ्या पहाटे निम्म्याच्याही खाली. त्यात चौदा अंश. मग कट् कट् होणारच.

एकेक फ्यूज काढून बघितलं. छतावरच्या दिव्याचा फ्यूज काढला तर फरक नाही, डिकीच्या दिव्याचा काढला तर नाही. म्युझिक सिस्टिमचा काढला आणि आकडा धपकन ३० वर आला. तीन वर्षांपूर्वी दिवाळीला मी टचस्क्रीन आणि डॅशकॅम बसवून घेतला होता. बसवणाऱ्याने डॅशकॅमची वायर किल्लीबरोबर बंद होणाऱ्या लाइनवर न देता सतत चालू असलेल्या लाइनवर दिली होती. म्हणजे डॅशकॅम रात्रभर आमच्या शेडच्या भिंतीचं चित्रीकरण करत होता. तीन वर्षांपूर्वीची दिवाळी आणि पहिला रुसलेला डिसेंबर यांची सांगड मला कधी घालता आली नाही, याचं आता हसू येतं.

पण मामा तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी सेल्फ मारायला सांगून एक प्रोब बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरा इंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरला. इथे ०.२, फार तर ०.३ व्होल्ट दिसायला हवेत. दिसले ०.९. "अर्थिंग खाल्लंय," ते म्हणाले. गाडीखाली वाकून इंजिनापासून बॉडीपर्यंत जाणारी वेणीसारखी पट्टी दाखवली. ती हिरवी पडलेली, निम्म्या तारा तुटलेल्या. सेल्फ एकशेपन्नास-दोनशे अँपिअर ओढतो. तो सगळा करंट त्या पट्टीतूनच परत येतो. तिथे जवळपास एक व्होल्ट अडला, म्हणजे सेल्फच्या वाट्याचाच एक व्होल्ट कमी. उन्हाळ्यात खपून जायचं, थंडीत नाही. आपल्या पावसात आणि पंचगंगेच्या पुराच्या पाण्यातून काढलेल्या गाड्यांत हे दुखणं फार असतं. गाडीच्या खालच्या अंगाला असल्याने तिकडे कुणी बघत नाही.

पट्टी नवी टाकली, दोन्ही टोकांची जागा पॉलिश पेपरने उघडी केली, बोल्ट घट्ट. टर्मिनलवर जमलेला पांढरा-हिरवा थर कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून धुतला, सुकवला, केबल बसवल्यावर वरून व्हॅसलिन. सोडा घातला की फसफसतं, ते आम्ल मरतंय. पाणी सेलच्या झाकणांत जाणार नाही एवढं बघायचं.

जंप देऊन पाव तास चालू ठेवणं पुरत नाही

हा गैरसमज माझ्यासकट सगळ्यांचा. जंप दिला, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला केबल जोडून आपली चालू केली, गाडी पंधरा मिनिटं जागेवर घुमवत ठेवली, "झाली चार्ज" म्हणून बंद केली. सेल्फ मारायला खर्च होते ती वीज तशी थोडीच असते, दोन सेकंदांत एएचचा दहावा भाग, ती लगेच भरून निघते. पण २० एएचचा खड्डा जागेवरच्या मंद फिरणाऱ्या इंजिनाने पाव तासात भरत नाही. त्यातून बॅटरी ऐंशी टक्क्यांपुढे गेली की करंट घ्यायलाच कुरकुरते, शेवटचा हिस्सा सावकाश भरतो. कळंबा ते राजारामपुरी अशा फेऱ्यांवर जगणारी बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. आणि अर्धवट भरलेली पडून राहिली की प्लेटवर शिशाच्या सल्फेटचे खडे घट्ट होतात, क्षमता कायमची घटते.

उपाय दोन. एक तर पंधरवड्यातून एकदा गाडी मोकळ्या रस्त्याला तास-दीड तास चालवा. जोतिबाला जाऊन या, दर्शनही होईल. दुसरा म्हणजे चार्जर.

चार्जर घ्यायचा तर स्वयंचलित घ्या, जो आधी जोरात, मग १४.४ व्होल्टच्या आसपास धरून आणि शेवटी नुसता राखण करत भरतो. करंट बॅटरीच्या एएचच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास: ३५ एएचला साडेतीन अँपिअर, ६० ला सहा. निम्मी रिकामी ६० ची बॅटरी सहा अँपिअरने भरायला हिशेबाने पाच तास, प्रत्यक्षात सात-आठ, म्हणजे रात्रभर. दुकानातलं "एका तासात फास्ट चार्जिंग" प्लेट तापवतं आणि वरवरचा व्होल्टेज दाखवून फसवतं. दुसऱ्या हिवाळ्यातल्या माझ्या दोन फेऱ्या तशाच वाया गेल्या.

चार्जिंग करताना हायड्रोजन निघतो, आणि तो पेट घेतो. बॅटरी स्वयंपाकघरात किंवा देवघराजवळ ठेवून चार्ज करू नका. उदबत्तीसुद्धा नको. शेड, गच्ची, हवेशीर पडवी बरी. चिमटे आधी बॅटरीला लावा, मग चार्जरचं बटण चालू करा, काढताना उलट. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर चार्जिंगनंतर पाण्याची पातळी बघून डिस्टिल्ड वॉटर घाला. प्लेट उघड्या पडल्या असतील तरच आधी त्या बुडतील एवढं. फिल्टरचं पाणी नको, आणि वरून ॲसिड तर कधीच नको.

जंपच द्यायचा झाला तर क्रम पाठ ठेवा. लाल केबल आपल्या बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, तिचं दुसरं टोक चांगल्या गाडीच्या प्लसला, काळी चांगल्या गाडीच्या मायनसला आणि काळीचं शेवटचं टोक आपल्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. ठिणगी उडते ती शेवटच्या जोडणीला, आणि ती बॅटरीच्या तोंडाशी नको. गाडी उतारावर लावून ढकलून चालू करायची जुनी सवय आजच्या गाड्यांत भरवशाची नाही. ऑटोमॅटिक तर ढकलून चालूच होत नाही, आणि इंजिनाच्या संगणकाला पुरेसे व्होल्ट मिळाले नाहीत तर गिअरवाली डिझेलही होत नाही.

खरंच मेली असेल तर

माझी वाचली. सासऱ्यांच्या आजऱ्याच्या पेट्रोल गाडीची बॅटरी वाचली नाही. रात्रभर चार्ज केली, काढल्यावर छान आकडा, दुपारी १२.३, दुसऱ्या सकाळी १०.५. हा आकडा बघितला की वाद संपला: सहांपैकी एक सेल बसला, उरलेले पाच गुणिले २.१. ती कितीही चार्ज करा, उपयोग नाही. झाकणावरच्या हिरव्या डोळ्यावरही विसंबू नका, तो एकाच सेलचं सांगतो. सासऱ्यांच्या बॅटरीचा डोळा शेवटपर्यंत हिरवा होता.

बदलताना जुन्या बॅटरीवरचा क्रमांक फोटो काढून न्या. ३८बी२०एल असं काही असेल तर २० ही सेंटिमीटरमधली लांबी आणि शेवटचं अक्षर प्लस-मायनस कुठल्या बाजूला ते सांगतं. एलच्या जागी आर आणली तर केबल पोहोचत नाही, आणि ओढून पोहोचवली तर उलटी लागायचा धोका. सिग्नलला आपोआप बंद होणारी गाडी असेल तर कंपनीने दिलेल्याच प्रकारची, म्हणजे वारंवार चालू-बंद सोसणारी ईएफबी किंवा एजीएम घ्या. साधी स्वस्त पडते, पण लवकर जाते. उत्पादनाची तारीख वाचून घ्या. सहा-आठ महिने दुकानात पडलेली नवी बॅटरी नवी नसते.

काढताना आधी मायनस, मग प्लस. बसवताना आधी प्लस, शेवटी मायनस. पाना चुकून बॉडीला टेकला तरी शॉर्ट होऊ नये म्हणून हा क्रम. किल्ली खिशात ठेवा, कारण वीज जाता-येता काही गाड्या स्वतःच लॉक होतात. टर्मिनल बसत नाही म्हणून हातोडीने ठोकू नका. आणि बॅटरी खाली धरून ठेवणारी पट्टी नीट आवळा. सासऱ्यांच्या गाडीत ती पट्टीच नव्हती. मागच्या कुणीतरी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कोंबला होता, आणि आजऱ्याच्या रस्त्यांवर बॅटरी आत नाचत होती. सेल त्यानेच बसला असावा, असं माझं मत. बसवल्यावर काचेचं ऑटो बटण आणि रेडिओ पुन्हा सेट करावा लागला, एवढंच. काही नव्या गाड्यांत मायनसवर छोटा सेन्सर असतो, तिथे नवी बॅटरी संगणकाला कळवावी लागते. ते काम स्कॅनर असलेल्याकडूनच करून घ्या.

जुनी बॅटरी भंगारात किलोवर देऊ नका, दुकानातच परत द्या. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे ती रीतसर पुनर्वापराला जायला हवी, आणि बदल्यात किमतीत सूटही मिळते. घरामागे फोडून शिसं काढणारे अजून आहेत, त्यांच्या हाती ती पडू नये.

आमच्या गाडीचा डॅशकॅम आता किल्लीबरोबर बंद होतो. दर रविवारी सकाळी चहाआधी मी मीटर लावतो आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आकडा लिहितो, सौ.च्या दुधाच्या हिशेबाशेजारी. तिने एकदा तो आकडा दुधाच्या बेरजेत धरला होता. या रविवारचा १२.५८, बाहेर तेरा अंश, आणि गाडी चार दिवस उभी होती.